मुलांसाठी डान्स मूव्हमेंट थेरपी: कोल्हापुरातले पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न व्हॉट्सॲपवर आलेले आहेत, फोनवर आलेले आहेत, आणि बरेचसे सत्र संपल्यावर मुलाच्या पायात चपला घालता घालता विचारलेले आहेत. शब्द शक्यतो पालकांचेच ठेवले आहेत. मुलाला पाहिल्याशिवाय ज्याचं उत्तर देता येत नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. डान्स मूव्हमेंट थेरपी म्हणजे डान्स क्लासच ना?

नाही. क्लासमध्ये शिक्षक स्टेप दाखवतात आणि मूल ती उचलतं. इथे बहुतेक वेळा उलटं घडतं. मूल जे काही करत असेल (गोल फिरणं, फरशीवर लोळणं, भिंतीला पाठ लावून नुसतं उभं राहणं) ते थेरपिस्ट आधी स्वतः करून पाहतात आणि तिथून खेळ पुढे नेतात. स्टेप बरोबर आली का, हे कुणी बघत नाही. मूल स्वतःहून सुरुवात करतं का, थांबू शकतं का, आपली पाळी येईपर्यंत दम धरतं का, दुसऱ्याला आपल्या खेळात ओढतं का, हे बघितलं जातं. त्यातलं काय गाठायचं ते पालकांशी बोलून आधी ठरतं आणि त्याची नोंद ठेवली जाते. नोंदच नसेल तर तो मजेचा तास. मजेच्या तासाला आमची ना नाही, पण त्याला थेरपी म्हणू नये.

२. हे परदेशातलं नवीन खूळ आहे का?

परदेशातलं आहे, नवीन नाही. अमेरिकेत मॅरियन चेस या नर्तिकेने १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मानसोपचार रुग्णालयात हे काम सुरू केलं. जे रुग्ण कुणाशी बोलत नव्हते, त्यांच्या हालचालीला हालचालीनेच उत्तर द्यायचं, ही त्यांची पद्धत. तिकडची राष्ट्रीय संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली. मुलांच्या बाबतीत आम्ही ज्यांच्याकडून सर्वांत जास्त घेतलं त्या ब्रिटनच्या व्हेरोनिका शेरबोर्न. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसोबत त्यांनी अनेक वर्षं काम केलं (प्रश्न ११ मध्ये त्या पुन्हा येतील).

भारतात त्रिपुरा कश्यप यांचं नाव या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या लोकांत घेतलं जातं. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था तस्करीतून सुटका झालेल्या मुली-बायकांसोबत नृत्यातून काम करते.

३. कोणत्या मुलांना उपयोग होतो? आमच्या मुलीला तर कुठलंही निदान नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांत ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाणं), डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा उशिरा बोलू लागलेली मुलं जास्त. पण निदान नसलेलीही येतात: खूप बुजणारी, घरात कुणी गेल्यानंतर गप्प झालेली, शाळा बदलल्यावर पोट दुखतं म्हणणारी. निदान नाही म्हणून दार बंद नाही.

मात्र विकासाबद्दल शंका असेल तर आधी तपासणी, मग आम्ही. अठरा महिने झाले तरी मूल चालत नाही, आधी येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं, हाक मारली तर बघत नाही, अशा वेळी नाचाच्या सत्राने सुरुवात करणं म्हणजे मोलाचा वेळ दवडणं. तपासणी कुठे करायची ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. बंद खोलीत तुम्ही नेमकं करता काय?

खोली बंद नसते, दार उघडं असतं, आणि लहान मुलांच्या सत्रात आई-बाबांपैकी एकजण आतच बसतो.

सत्र साधारण पाऊण तासाचं. सुरुवात रोज सारखीच असते, कारण पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलं लवकर सैल होतात. सगळे गोलात बसतात, हलगीवर हलका ठेका असतो, आणि प्रत्येकाने आपलं नाव एका हालचालीसोबत सांगायचं. बोलता न येणारं मूल फक्त हालचाल करतं आणि आम्ही सगळे ती परत करतो. कधी ती हालचाल म्हणजे फक्त खांदा उडवणं असतं. चालतं. बारा माणसं आपल्यासारखा खांदा उडवताना बघून मुलाचा चेहरा कसा होतो, ते एकदा येऊन बघा.

मग मधला भाग. तो दर वेळी वेगळा. ओढणीचं एक टोक मुलाकडे, दुसरं आमच्याकडे, आणि ओढणी ताणलेली ठेवत खोलीभर फिरायचं. मोठ्या चादरीत मुलाला झुलवायचं. ‘परत’ म्हटल्याशिवाय किंवा हाताने खूण केल्याशिवाय दुसरा झोका मिळत नाही. हत्तीसारखं जड चालायचं, मग मांजरासारखं हलकं. ‘स्टॅच्यू’ तर असतोच. पाठीला पाठ लावून दोघांनी एकदम उठायचं, हा मोठ्या मुलांचा आवडता, आणि बाबालोकांची फजिती करणारा.

शेवटी वेग उतरवायचा. मूल जमिनीवर पडतं, पोटावर हलकी उशी ठेवून ती वर-खाली होताना बघतं. चप्पल घालेपर्यंत दंगा सुरूच राहिला, तर शेवटचा भाग आमचा कमी पडला असं आम्ही धरतो.

५. हात-पाय हलवल्याने बोलणं किंवा अभ्यास कसा सुधारेल?

थेट सुधारेल असा दावा आम्ही करत नाही. पण या गोष्टी जितक्या वेगळ्या वाटतात तितक्या नाहीत.

आधी शरीराचं बघू. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. फिरणं, झुलणं, उलटं होणं यातून तिला माहिती मिळते. स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत राहतात की हात कुठे आहे, किती जोर लागतोय. ही माहिती ज्या मुलाला नीट जुळवता येत नाही, ते बाकावर सारखं घसरतं, पेन्सिलची टोकं मोडतं, रांगेत दुसऱ्याच्या अंगावर जातं. शाळा त्याला वांड म्हणते. ढकलणं, ओढणं, वजन पेलणं अशा हालचालींतून त्याला आपल्या शरीराचा अंदाज येऊ लागतो. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणारी थेरपी) मॅडम ‘मिडलाइन क्रॉस करणं’ म्हणतात ते, म्हणजे उजवा हात शरीराच्या डाव्या बाजूला नेणं, लेझीम खेळताना किंवा टाळीच्या खेळात आपोआप घडतं.

बोलण्याचं बघायचं तर संवाद शब्दांच्या आधीच सुरू झालेला असतो. तू केलंस, आता मी. मग मी थांबलो, आता तू. ही अदलाबदल बाळ हसण्यातून, हातवाऱ्यांतून शिकतं. ज्या मुलात ती नीट बसलेली नाही, त्याच्याकडून शब्द पाठ करून घेतले तरी गप्पा होत नाहीत. आमचं निम्मं काम या अदलाबदलीवरच चालतं.

तालाचंही एक काम आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. १४ महिन्यांच्या बाळांना संगीतावर उसळवलं आणि समोर एक बाई त्याच ठेक्यात, किंवा मुद्दाम चुकीच्या ठेक्यात, उसळत राहिली. नंतर तिने ‘चुकून’ वस्तू पाडल्या, तेव्हा ठेका जुळलेल्या बाळांनी त्या उचलून देण्याचं प्रमाण जास्त होतं. हा थेरपीचा अभ्यास नव्हता, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. पण गोलात एका ठेक्यावर काम का करायचं, याचं कारण त्यात सापडतं.

६. खरं सांगा, गुण येतो का?

काही मुलांत स्पष्ट दिसतो, काहींत सावकाश, काहींत दिसत नाही. संशोधनाचं म्हणाल तर अभ्यास आहेत, पण बरेचसे छोटे. उदाहरण द्यायचं तर नैराश्यावरच्या नृत्य-हालचाल थेरपीचा कोक्रेन आढावा (एका विषयावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासणारा) २०१५ मध्ये निघाला. त्यात निकषांत बसणारे अभ्यास फक्त ३ सापडले, मिळून १४७ माणसं. एक अभ्यास किशोरवयीनांवरचा होता. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असंच तो आढावा सांगतो.

म्हणून ‘ऑटिझम बरा करतो’, ‘३ महिन्यांत मूल बोलेल’ अशी पाटी दिसली तर पुढे चालू पडा. ऑटिझम हा आजारच नाही की तो बरा व्हावा. मूल लोकांत थोडं निवांत राहू लागणं, आईचा हात धरून खेळ मागणं, लग्नाच्या हॉलमध्ये अर्धा तास टिकणं, अशा बदलांची आशा धरणं रास्त आहे.

७. आमचं पोरगं एका जागी बसत नाही. नाचवून आणखी चेकाळणार नाही का?

नुसतं मोठ्या आवाजात नाचवलं तर चेकाळेलच. म्हणून वेग चढवण्यापेक्षा उतरवण्याचा सराव जास्त असतो. पळता पळता ठेका थांबला की थांबायचं, मग ठेका सुरू असतानाच खुणेवर थांबायचं, मग फक्त हात थांबवून पाय चालू ठेवायचे. मनात आलेली हालचाल रोखणं हेच या मुलांना अवघड जातं, आणि ते खुर्चीवर बसवून शिकवता येत नाही. औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आमचं काम त्याच्या बदल्यात नाही.

८. माझा मुलगा सारखे हात फडफडवतो. ते थांबवाल का?

नाही, आणि थांबवू नये असंच आमचं मत. त्या फडफडीने तो स्वतःला सांभाळत असतो. आम्ही त्याच्यासोबत फडफडवतो, मग थोडं मोठं करतो, थोडं हळू, मग त्यात एक टाळी घालतो. कधीतरी तो आमच्या टाळीची वाट बघतो, आणि दोघांचा खेळ तिथून सुरू होतो. फक्त स्वतःला इजा होत असेल, डोकं आपटणं किंवा चावणं असेल, तर ते वेगळं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघांनाही दाखवा.

९. गणपतीत डॉल्बी लागला की मुलगी कान झाकून रडते. तिला संगीताची थेरपी कशी चालेल?

डॉल्बीपुढे मोठी माणसं कान झाकतात, तिचं काय चुकलं? सत्रात आवाज तिच्या हातात असतो. हलगी तीच वाजवते, ती थांबली की आम्ही थांबतो. काही मुलांसोबत संगीत अजिबात लावत नाही, पावलांचा आवाज पुरतो. मिरवणुकीची सवय करायची म्हणून तिला महाद्वार रोडला स्पीकरच्या भिंतीपुढे नेऊन उभं करू नका. न्यायचंच असेल तर लांबून, कानावर हेडफोन लावून, आणि परत फिरायची मोकळीक ठेवून.

१०. मूल चालू शकत नाही. डाऊन सिंड्रोम आहे. फिट येतात. तरी चालेल का?

तीन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र येतात म्हणून एकत्र घेतले.

व्हीलचेअरवरचं मूल पूर्ण सत्र करू शकतं. नजर, बोट, श्वास, खुर्चीचं फिरणं, सगळी हालचालच आहे. सेरेब्रल पाल्सीत स्नायू ताठ होत असतील तर कुठली स्थिती टाळायची हे फिजिओथेरपिस्टकडून लिहून आणा.

डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा काही मुलांत सैल असतो. कोलांटउडी, शीर्षासन, डोक्यावर भार, मानेला हिसका, हे डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय करायचं नाही. चालण्यात अचानक बदल झाला, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सत्र राहू दे, लगेच डॉक्टरांकडे जा. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, तेव्हा इकोचा रिपोर्टही दाखवा.

फिट येत असतील तर शेवटची कधी आली, कशाने येते, आल्यावर कोणतं औषध द्यायचं हे आम्हाला लेखी हवं. लुकलुकणारे दिवे आम्ही वापरतच नाही. जोरजोरात श्वास घेण्याचे खेळ अशा मुलांना देत नाही, कारण काही प्रकारच्या फिट त्याने सुरू होऊ शकतात.

११. फुगडी, झिम्मा, लेझीम हे सगळं आपल्याकडे आहेच की. मग ही थेरपी कशाला?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न. खरं तर अर्धं साहित्य आम्ही तिथूनच उचललंय.

फुगडीच बघा. दोघींनी हात गुंफून मागे झुकायचं आणि गरगरायचं. एकीने भार सोडला तर दोघीही पडतात. शेरबोर्न यांनी मुलांच्या जोडीच्या खेळाचे तीन प्रकार सांगितले: एकाने दुसऱ्याला सांभाळणं, एकमेकांविरुद्ध जोर लावणं, आणि भार वाटून घेणं. यातला तिसरा आपल्याकडे पंचमीला पोरी अंगणात करतात. बसफुगडीत मांड्यांचा जोर आणि तोल दोन्ही लागतात. लेझमीत पन्नास जणांसोबत वाकायचं आणि एकाच ठेक्यावर उठायचं. दांडपट्टा, लाठी फिरवणारी मर्दानी खेळातली मुलं मनगट आणि नजर ज्या तऱ्हेने एकत्र हलवतात, ते ओटीच्या कुठल्याही खोलीत इतक्या रंगतीने होत नाही.

तरी ही थेरपी का नाही? कारण फुगडी ज्याला येते त्याच्यासाठी आहे. ज्या मुलीला हात धरलेला सहन होत नाही, ती अंगणाच्या कडेला उभी राहते आणि कुणी तिच्यासाठी खेळ बदलत नाही. आम्ही बदलतो: आधी हाताऐवजी ओढणी, मग एकच बोट, फिरणं अगदी हळू, कधी महिनाभर फक्त समोरासमोर झुलणं. तुमचं मूल गल्लीतल्या खेळात रमत असेल तर आमच्याकडे यायची गरज नाही, त्याला अजून खेळू द्या.

१२. आजोबा म्हणतात, मुलग्याला नाचवता कशाला, तालमीत घाला.

आजोबांचं म्हणणं अगदीच वाया घालवू नका. ढकलणं, पकडणं, वजन झेलणं हे मुलाच्या शरीराला हवंच असतं, आणि खासबागेच्या गावात ते शिकवणारे कमी नाहीत. सूचना ऐकून पाळता येत असतील आणि वस्ताद समजूतदार असतील तर जरूर घाला. सूचनाच पोचत नसतील तर आधी इथे; नंतर तालीम आहेच. आजोबांना एकदा सत्राला घेऊन या. पाठीला पाठ लावून उठायच्या खेळात ते बहुतेक जिंकतात.

१३. मग स्पीच थेरपी, ओटी बंद करू का?

नाही. पैसे आणि वेळ मोजकेच असतील तर डॉक्टरांनी आधी सांगितलेली थेरपी पहिली. आमचा नंबर त्यानंतर.

१४. थेरपिस्ट खरा आहे हे ओळखायचं कसं?

अवघड आहे, कारण अमुक पाटी लावायला अमुक नोंदणी हवीच, असं या क्षेत्रात अजून घट्ट बसलेलं नाही. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि हालचाल थेरपिस्टचा उल्लेख आहे, एवढी पायरी झाली. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट वगैरेंना लागते. ती एखाद्या नृत्य थेरपिस्टकडे असेल तर बहुधा त्यांच्या मूळ व्यवसायाची असते.

म्हणून सरळ विचारा. प्रशिक्षण कुठे, किती काळाचं? वीकएंडची कार्यशाळा की देखरेखीखाली मुलांसोबत काम करून मिळवलेला डिप्लोमा? तुमच्या कामावर वरिष्ठ कोण लक्ष ठेवतं? भरतनाट्यम किंवा कथकची विशारद पदवी मोठीच, पण ती या कामाची पदवी नाही.

आणि स्पर्शाबद्दल विचारा. हात धरण्याआधी मुलाला विचारतात का, मूल मागे सरलं तर सोडतात का, पालकांना आत बसू देतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘पालक असले की मुलं नखरे करतात’ असं ठरलेलं उत्तर मिळालं तर मुलाला तिथे एकटं ठेवू नका. मोठ्या मुलांसोबत काही वेळा पालक बाहेर थांबतात, पण दार तेव्हाही उघडं हवं. काही खटकलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

१५. यूट्यूबचे ॲक्शन साँग लावून दिले तर?

मोबाईलमधल्या ताईला तुमचं मूल दिसत नाही, त्यामुळे त्याने काय केलं याला ती उत्तर देऊ शकत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. याच सूचनांत १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं आहे. तीन तास! फ्लॅटमध्ये हे जमवायचं तर संध्याकाळी रंकाळ्यावर न्या आणि कडेवर न घेता चालू द्या.

घरी करायचंच असेल तर रोज दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून मूल जे करेल ते तुम्ही करा. सूचना द्यायची नाही, ‘असं नाही, असं’ म्हणायचं नाही. बहुतेक आई-बाबांना दुसऱ्याच मिनिटाला राहवत नाही.

१६. तपासणी आणि सरकारी मदत कुठे मिळते?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून ते पुढे पाठवतं. पथकाची वाट बघत बसायचं नसेल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम व शिकण्यातली विशिष्ट अडचण दोन्ही त्यात येतात, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. त्यात थेरपीची तरतूद आहे, पण नृत्य थेरपीचं बिल मंजूर होईल असं गृहीत धरून पैसे भरू नका, आधी विचारा.

१७. शाळेच्या गॅदरिंगसाठी बसवून द्याल का?

नाही. गॅदरिंगला बसवलं की स्टेप पाठ करणं आलं, आणि प्रश्न १ मध्ये लिहिलेलं सगळं उलटं फिरतं. मुलालाच स्टेजवर जायचं असेल तर शाळेशी बोलायला आम्ही येऊ: कडेची जागा द्या, स्पीकरपासून लांब ठेवा, मधेच उतरलं तर ओरडू नका.

१८. मूल आत येतं पण कोपऱ्यातच बसतं. पैसे फुकट जातायत का?

पहिले काही आठवडे कोपऱ्यातून बघणारी मुलं बरीच असतात, आणि त्यांचं बघणंही आम्ही नोंदवतो. पाय ठेक्यावर हलतोय का, कुणाकडे नजर जाते, कोपरा बदलला का. पण दार दिसताच रडणं, उलटी, रात्री दचकून उठणं असं होत असेल तर ते बघणं नव्हे. तेव्हा थांबा आणि आम्हाला सांगा.

१९. किती दिवस चालू ठेवायचं?

आठवड्यातून एकदा धरून साधारण तीन महिने, मग पालकांसोबत बसून नोंदी बघायच्या. ठरवलेल्यापैकी काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायची किंवा बंद करायची. थेरपिस्टने स्वतः हा विषय काढला नाही तर तुम्ही काढा. दहावी-बारावीच्या वर्षात खंड पडला तर बिघडत नाही, उन्हाळ्यात गावी गेलात तरी नाही. आणि मूल गल्लीतल्या पोरांत खेळायला जातं म्हणून सत्राला यायला नको म्हणू लागलं, तर फी परत मागायला संकोचू नका.